आगटीवरचे कणीसराव: एप्रन, नॅपकिन आणि भाकरीच्या रुमालावर मशीनचं भरतकाम

पहिल्या खेपेला मी अकरा नॅपकिन केले होते, संक्रांतीच्या वाणासाठी. प्रत्येकावर आगटीपाशी बसलेलं, फेटा बांधलेलं ज्वारीचं कणीस. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. महिनाभराने जावेच्या स्वयंपाकघरात त्यातलाच एक खुंटीला दिसला. कणसाभोवतीचं कापड आकसून चुण्याच चुण्या पडलेल्या, एक डोळा दुसऱ्याच्या वर चढलेला, मिशीचा आकडा उसवून लोंबत होता. "ताई, तुमचा पाव्हणा भाजता भाजता स्वतःच भाजला की वो," जाऊ म्हणाली.

मशीन चांगलं होतं, दोरा चांगला होता, चित्रही वाईट नव्हतं. मी कापड आधी धुतलं नव्हतं, एवढंच. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही. मग कापड दोऱ्याभोवती गोळा होतं आणि चुण्या येतात. स्वयंपाकघरातली वस्तू रोज ओली होते, तेलकट होते, आपटली जाते. म्हणून आता मी चित्र काढण्याच्याही आधी विचार करते तो दहाव्या धुण्याचा.

आधी पात्र ठरवा

परदेशात अशा भेटवस्तूंवर ग्रिलपाशी उभं, शेफची टोपी घातलेलं डुक्कर नाहीतर कोंबडा असतो. आपल्याकडं उघड्यावर विस्तव करून भोवती बसून खायचं म्हणजे हुरडा. डिसेंबर-जानेवारीत सुरती नाहीतर गूळभेंडीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत खुपसायची, गरम आहेत तोवर हातावर चोळायची, आणि लसणाची चटणी, दही, गूळ यांच्याबरोबर दाणे तोंडात टाकायचे. म्हणून माझे नायक कणीसराव : पोपटी अंग, केशरी फेटा, जाड मिशी, दोन पानांचे दोन हात, एका हातात चिमटा.

पहिल्या चित्रात चिमट्यात दुसरं कणीस होतं. भाचीनं विचारलं, "मामी, हा आपल्याच भावाला का भाजतोय?" तेव्हापासून चिमट्यात वांगं आहे. जांभळा रंगही त्यामुळे मिळाला. पोपटी आणि केशरीच्या मध्ये त्याची गरजच होती.

तुम्ही वांगेराव करा, मक्याची मावशी करा, शेगडीवर बसलेला कांदा करा. पण टीव्हीवरच्या कार्टूनमधलं पात्र उचलू नका. विकायला करत असाल तर मुळीच नाही, त्याचे हक्क कोणाचे तरी असतात.

चित्र कागदावर ठरलेल्या मापातच काढा. मशीनवर कापड धरणाऱ्या १०० × १०० मिमीच्या फ्रेममध्ये बसवायचं असेल तर ९० मिमीच्या पुढं जाऊ नका. मग एक हात लांब धरून बघा. जी रेघ डोळ्याला दिसत नाही, ती मशीनलाही जमणार नाही. सॅटिनची, म्हणजे शेजारी शेजारी आडव्या टाक्यांनी भरलेली रेघ एक मिलिमीटरपेक्षा बारीक असली तर नीट उठत नाही, तिथं साधा धावदोरा चांगला. कणसाचा एकेक दाणा काढायचा मोह मलाही झाला होता. शंभर दाणे म्हणजे शंभर ठिकाणी दोऱ्याची सुरुवात आणि शंभर ठिकाणी शेवट. मागच्या बाजूला घोंगडीसारखा थर होतो आणि नॅपकिन वाळतच नाही. आता मी अंग सपाट भरते, त्यावर गडद हिरव्या धावदोऱ्यानं अर्धगोल ओळी काढते आणि फक्त सात-आठ दाणे सॅटिननं उठवते. बाकीचे दाणे बघणारा मनानेच भरून घेतो.

रंग सातच ठेवा : पोपटी, गडद हिरवा, केशरी, जांभळा, तपकिरी, काळा, पांढरा. घरगुती मशीनला एकच सुई असते. दर रंगाला मशीन थांबतं आणि दोरा तुम्हालाच बदलावा लागतो. केशरीत फेटा आणि जाळ दोन्ही होतात, तपकिरीत गोवऱ्या आणि चिमटा.

कापड

एप्रनला केसमेंट किंवा ड्रिल घ्या, भाकरीच्या रुमालाला दोसुती, हात पुसायला सोलापुरी टर्किश नॅपकिन. लातुरात मी गंजगोलाईच्या बाजारात जाते. सोळा रस्ते एकत्र येतात तिथं, आणि त्यातल्या तीन रस्त्यांवर फिरल्याशिवाय मनासारखा पोपटी दोरा मिळत नाही. खादी आवडत असेल तर जरूर घ्या. राष्ट्रध्वजाची खादी बनवणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडचीच, त्यामुळे चांगल्या खादीसाठी फार लांब जायला नको. फक्त खादीचं सूत कुठं जाड कुठं बारीक असतं आणि ती आटतेही जास्त, म्हणून ती दोनदा धुवा.

एप्रन आगटीपाशी किंवा चुलीपाशी वापरला जाणार असेल तर कापड शंभर टक्के सुती हवं. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड ठिणगीनं वितळतं आणि कातडीला चिकटतं. दुकानदार "कॉटनच आहे" म्हणाला तरी कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सुताचा जळक्या कागदासारखा वास येतो आणि राख बोटानं भुरभुरते. मिश्रणाची टणक गोळी होते.

सगळं कापड कोमट पाण्यात साबणानं धुवा, खळ निघू द्या, कडक इस्त्री करा, मगच कात्री लावा. रंगीत कापडाचा रंग जातो का ते इथंच बघा : ओला कोपरा पांढऱ्या फडक्यात धरून त्यावर इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उठला तर ते कापड भाकरी गुंडाळायला नको.

दोरा आणि सुई

४० नंबरचा पॉलिएस्टर भरतकामाचा दोरा. रेयॉन जास्त चमकतो, मलाही तो दिसायला आवडतो, पण क्लोरीनच्या ब्लीचपुढं तो टिकत नाही. आणि हळदीच्या डागावर घरोघरी आधी ब्लीचच ओतलं जातं. बॉबिनला, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाला, ६० किंवा ९० नंबरचा बारीक दोरा वापरा. नॅपकिनची उलटी बाजू सगळ्यांना दिसते, तिथं बॉबिनचा दोरा कापडाच्या रंगाचा घ्या. दोऱ्याची रिळं खिडकीत मांडून ठेवू नका. आपल्याकडचं एप्रिल-मे मधलं ऊन दोऱ्याला ठिसूळ करतं. मग तो दर पाच मिनिटांनी तुटतो आणि आपण उगाच मशीनला बोल लावतो.

भरतकामाची ७५/११ सुई साध्या सुती कापडाला पुरते. जाड ड्रिल किंवा दुहेरी कापड असेल तर ९०/१४.

पंचिंग : चित्राचे टाके करणं

मशीनला चित्र कळत नाही, त्याला टाक्यांची यादी लागते. ती करण्याला धंद्यात पंचिंग म्हणतात. पैसे देऊन करून घेता येतं, किंवा इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरला इंक/स्टिच हे तितकंच मोफत जोडसाधन लावून स्वतः करता येतं. फाईल आपल्या मशीनच्या प्रकारातली घ्या : ब्रदरला पीईएस, जनोमेला जेईएफ. बहुतेक पंचिंगवाले डीएसटी पाठवतात. तीत रंगांची माहिती नसते, म्हणून बरोबर रंगांचा क्रम लिहून मागा. नाहीतर कणीसरावांना जांभळी मिशी येते.

दुसऱ्याकडून करून घेत असलात तरी पुढच्या गोष्टी माहीत हव्यात. चुणी पडते किंवा भेग दिसते ती इथल्याच चुकीनं.

भरणाची दाटी, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, ४० नंबरच्या दोऱ्याला ०.४ मिमी. हिशेब करून बघा. एका सेंटीमीटरमध्ये २५ ओळी, प्रत्येक टाका ४ मिमी धरला तर ओळीला अडीच टाके, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला साधारण ६०-६५ टाके. कणीसरावांचं अंग ६० × ४० मिमीचं लंबगोल, म्हणजे सुमारे १९ चौरस सेंटीमीटर. वरचं भरण बाराशेच्या आसपास आणि खालचं अस्तर धरून चौदाशे-पंधराशे टाके. त्या अंगासाठी कोणी चार हजार टाक्यांची फाईल पाठवली, तर नॅपकिनच्या जागी पुठ्ठा हातात येणार.

अस्तर म्हणजे वरच्या भरणाखाली, त्याच्या आडव्या दिशेनं घातलेले विरळ टाके. ते कापडाला, त्याच्याखाली आधाराला लावलेल्या कागदाशी आधीच बांधून ठेवतात. खर्च वाचवायला अस्तर गाळू नका, चित्र त्याच्यावरच उभं असतं.

टाका ज्या दिशेनं जातो, त्या दिशेनं कापड आत ओढलं जातं. आडव्या टाक्यांनी भरलेला गोल डोळा उभा लांबट होतो. म्हणून आकार दोन्ही कडांना ०.२ ते ०.४ मिमी फुगवून ठेवतात. दोन रंग शेजारी येतात तिथं एकमेकांवर मिलिमीटरभर चढवा. फेटा आणि कपाळ यांच्यात पांढरी भेग दिसते ती हे विसरल्यामुळे.

क्रम मागून पुढं : गोवऱ्या, जाळ, अंग, पानं, फेटा, वांगं, डोळे आणि सगळ्यांत शेवटी मिशी. केशरी दोनदा येऊ नये म्हणून जाळ आणि फेटा एकदम घ्यायचा मोह होतो. मी घेतला होता. नंतर आलेलं हिरवं अंग फेट्याच्या कडेवर चढलं आणि कणीसराव टक्कल पडल्यासारखे दिसायला लागले. एक जादा दोराबदल परवडतो.

सॅटिनचा पट्टा ७ मिमीपेक्षा रुंद नको. लांब टाका बांगडीत, नखात, भांड्याच्या कडेत अडकतो. माझ्या पहिल्या मिशीचं तेच झालं होतं. मधोमध जाड मिशी हवी असेल तर ती दोन तुकड्यांत करा.

अक्षरं

बहुतेक मशीनमध्ये बसवलेले फॉन्ट इंग्रजी असतात, मराठी अक्षरं पंच करावी लागतात. आणि मराठी अक्षर कसं जोडलं जातं ते न बघितलेला माणूस ती हमखास बिघडवतो.

माझ्या एप्रनवर लिहिलेलं असतं : "दम धरा, भाजूलालो." लातूर-नांदेडकडची बोली आहे, 'भाजूलालो' म्हणजे 'भाजतोय'. पुण्याच्या नणंदेला मी ते समजावून सांगितलं, आता ती तिथं तेच म्हणत फिरते. यात 'जू' आहे, आणि त्याचा उकार ओळीच्या खाली येतो. खाली दुसरी ओळ असेल तर तिच्या शिरोरेषेत तो अडकतो, म्हणून दोन ओळींत नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा. अक्षराची उंची १२ मिमीपेक्षा कमी नको. त्याहून लहान केलं तर 'भ' आणि 'म' सारखेच दिसायला लागतात आणि 'ध'ची गाठ बुजते. प्रत्येक अक्षर स्वतःच्या तुकडा शिरोरेषेसकट पंच केलं तर जोड खालीवर होतात. आधी सगळी अक्षरं शिरोरेषेशिवाय, मग पूर्ण शब्दावर एकच सॅटिनची रेघ, दीड मिलिमीटर रुंद. हातानं लिहितानाही आपण रेघ शेवटीच मारतो. अनुस्वार किमान दीड मिलिमीटरचा हवा, नाहीतर तो टर्किशच्या लूपमध्ये बुडतो आणि 'गंमत'ची 'गमत' होते.

फ्रेम लावणं

खालचा कागद म्हणजे स्टॅबिलायझर. एप्रनला कट-अवे वापरा, तो कायम मागं राहतो आणि धुण्यात चित्र सावरून धरतो. रुमालाला आणि नॅपकिनला टिअर-अवे, म्हणजे शेवटी फाडून काढता येणारा, कारण मागची बाजू दिसते. टर्किशला वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्मही लागते, नाहीतर लूप टाक्यांतून डोकावतात आणि कणीसरावांना दाढी फुटल्यासारखी दिसते. टर्किशसाठी आणखी एक युक्ती : चित्राच्या आकाराहून थोडं मोठं, नॅपकिनच्याच रंगाचं विरळ भरण आधी घाला. लूप दबतात आणि चित्र वर उठतं. फिल्म धुण्यात विरघळून जाते, हे भरण मात्र कायम राहतं.

मध्यबिंदू पाण्यानं जाणाऱ्या निळ्या पेननं करा. ती खूण धुवायच्या आधी त्यावर इस्त्री फिरवू नका, पक्की बसते.

कापड फ्रेममध्ये सपाट आणि घट्ट हवं, पण ताणलेलं नको. ढोलकीसारखा ताण कागदाला द्या. कापड ओढून बसवलं तर फ्रेम काढताच ते मूळ मापावर येतं आणि टाके तिथंच राहतात. आडवे-उभे धागे फ्रेमच्या कडेला समांतर आहेत का ते बघा. जाड टर्किश फ्रेममध्ये जबरदस्तीनं कोंबण्यापेक्षा फक्त कागद फ्रेमला लावा, त्यावर भरतकामाचा चिकट स्प्रे हलका मारा, नॅपकिन वर चिकटवा आणि चारी बाजूंनी ढोबळ टाके घालून घ्या. स्प्रे मशीनपासून लांब, अंगणात मारा.

चालवणं

आधी मांजरपाटावर नमुना करून फाईल तपासा. मग त्याच वस्तूच्या कापडाच्या तुकड्यावर दुसरा नमुना करा. तो तुकडा धुवा, वाळवा, मग ठरवा. हे एक दिवस खातं, पण अकरा नॅपकिन वाचवतं.

दोरा ओवताना दाबपट्टीचा पाय वर हवा. पाय खाली असताना ओवला तर दोरा टेन्शनच्या, म्हणजे त्याचा ताण सांभाळणाऱ्या चकत्यांमध्ये बसत नाही आणि पहिल्याच मिनिटाला कापडाखाली दोऱ्याचं घरटं होतं. घरटं झालं तर कापड ओढू नका, फ्रेमखालून कात्री घालून दोरे कापा. टेन्शन बघायचं तर सॅटिनचा पट्टा उलटा करा : मध्ये एक तृतीयांश बॉबिनचा दोरा आणि दोन्ही बाजूंना वरचा दिसला की बरोबर.

वेग मिनिटाला ४०० टाके पुरे. माझी फाईल ९,००० टाक्यांची आहे, म्हणजे साडेबावीस मिनिटं नुसती शिलाई, आणि दोरे बदलून पाऊण तास. एका जागेवरून दुसरीकडं गेलेला सुटा दोरा पुढचा रंग यायच्या आधी कापा, नंतर तो खाली गाडला जातो आणि पांढऱ्या डोळ्यातून काळा दिसतो.

लाईट गेली तर फ्रेम हलवू नका. पडद्यावरचा टाक्यांचा आकडा मी दर रंगाला वहीत लिहून ठेवते. बरीच मशीनं लाईट आल्यावर स्वतःच त्या जागी येतात. नाही आलं तर लिहिलेल्या आकड्यापासून टाके पुढं सरकवा आणि काम जिथं थांबलं त्याच्या दहा टाके मागून सुरू करा.

वस्तूगणिक

एप्रनवर चित्राचा वरचा काठ छातीच्या पट्टीच्या काठाखाली ७-८ सेंमी ठेवा, आणि खूण करायच्या आधी तो कोणाला तरी घालून बघा. टेबलावर मध्यभागी दिसलेलं चित्र अंगावर पोटावर उतरतं. खिसा करायचा असेल तर खिशाचं कापड शिवण्याआधीच भरून घ्या. झाल्यावर उलट्या बाजूचा कट-अवे चित्राबाहेर अर्धा सेंटीमीटर ठेवून गोल कापा, कोपरे टोचतात.

भाकरीच्या रुमालाचा मधला भाग मोकळा सोडा. भाकरी तिथं असते आणि वाफ कापडातून जायला हवी. कणीसराव एका कोपऱ्यात, ६० मिमीचे, असे की दुरडीतून रुमालाचं टोक बाहेर आलं की तेवढेच दिसतील.

गरम भांडं धरायच्या जाड फडक्यावर मात्र जपून. पॉलिएस्टर साधारण २५५-२६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं. भाकरीचा तापलेला तवा तिथवर सहज पोचतो. म्हणून चित्र हाताच्या पाठीकडं येणाऱ्या बाजूलाच ठेवा, पकडायच्या बाजूला कधीच नको. वरचं कापड आधी भरा, मग थर घाला. आत सुती वॅडिंग किंवा जुन्या सुती गोधडीचे दोन थर घाला, फोम किंवा पॉलिएस्टरचं वॅडिंग नको. वरचं कापड आधीच भरल्यामुळे भरतकामाच्या सुईची भोकंही तव्याकडच्या बाजूला येत नाहीत. इतकी काळजी घ्यायची नसेल तर ही वस्तू यादीतून काढूनच टाका. मी नवख्यांना तेच सांगते.

शेवटी फिल्म हातानं ओढून काढा, उरलेली कोमट पाण्यात विरघळवा आणि दोन पाण्यांतून काढा, एका पाण्यात चिकटपणा राहतो. इस्त्री उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल घालून करा, म्हणजे टाके चेपत नाहीत. भेटीबरोबर चिठ्ठी ठेवा : ब्लीच नको, उलटं करून सावलीत वाळवा.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात न्यायच्या दुरडीसाठी करायचं असेल तर दिवाळी संपली की कापड धुवायला काढा. मार्गशीर्षातली ती अमावास्या जवळ आली की भज्जी-आंबिलीच्या तयारीत मशीनला हात लागत नाही. अकरा नगांना पाऊण तासाप्रमाणे सव्वाआठ तास, म्हणजे दोन दुपारी. त्यात सुई प्रत्यक्षात चार तास चालते. तशाच दुसऱ्या अकरानंतर सुई बदला, ती चांगली दिसत असली तरी. आणि बारावा नॅपकिन जादा करून स्वतःच्या खुंटीला लावा. लोकांकडचे कसे चाललेत ते त्याच्याकडं बघून कळतं.